दोन्हीकडचं शून्य

ते शून्य मी काढलं. एका जागचं नाही, अकरा जागचं. आणि काढून झाल्यावर पान किती सुटसुटीत दिसतं म्हणून स्वतःसाठी अर्धा कप चहाही करून घेतला. कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी.

शिक्षण म्हणाल तर दहावी. पण सदर भागात एका जिन्याखाली माझं टायपिंगचं दुकान होतं, आणि तीस वर्षं मी लोकांचे पीएच.डी.चे प्रबंध टाइप केले. इतिहास, शेती, माती, मराठी, सगळं. गणिताचे प्रबंध फक्त माझ्याकडेच यायचे, कारण बाकीचे टायपिस्ट त्या चिन्हांना घाबरायचे. मशीनवर ग्रीक अक्षरं नव्हती. मी तेवढी जागा कोरी सोडायची आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की काळ्या पेननं एकेक अक्षर काढायची. माझ्या हातचा लॅम्डा विद्यापीठात प्रसिद्ध होता. तो लॅम्डा काय करतो हे मात्र तेव्हा मला माहीत नव्हतं.

आमच्या धंद्याचा एक रिवाज होता. टायपिस्टनं वाचायचं नाही, आणि वाचलंच तर बोलायचं नाही. मी वाचायची. आमच्या घरी भिंतीवर निळ्या कोटातला एकच फोटो आणि त्याच्याखाली पुस्तकांचं कपाट. त्या घरात वाढलेल्या बाईला समोरचा कागद न वाचता कसा राहवेल? वाचता वाचता चूक दिसली की मी ती गुपचूप दुरुस्त करायची. एकानं ज्वारीचं पीक उन्हाळ्यात पेरलं होतं, ते मी त्याच्या जागी नेऊन ठेवलं. दुसऱ्यानं एकाच राजाला दोनदा मारलं होतं, त्याचा एक मृत्यू मी वाचवला. सांगितलं कोणालाच नाही. मोठ्या माणसाला त्याची चूक तोंडावर दाखवली की त्याला आधी तुमची पायरी आठवते. न सांगितलेलं बरं. ते डॉक्टर झाले, मी माझ्या जिन्याखाली समाधानी. या समाधानानंच पुढे घात केला.

दुकान बंद केलं तोवर घरात सून आली होती, गणिताची. जरीपटका वस्तीतली पोरगी. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायची, वर आठ वर्षांपासून तिचा प्रबंध सुरू होता. नोकरी, स्वयंपाक, लेक, आणि उरलेल्या वेळात अल्जिब्रा. मी म्हटलं, टायपिंग माझ्याकडे दे. तिनं मला कॉम्प्युटरवर गणित टाइप करायचं सॉफ्टवेअर शिकवलं. साठी ओलांडल्यावर कळलं की लॅम्डा आता बोटानं काढावा लागत नाही, त्याचं नाव लिहिलं की तो स्वतः येऊन उभा राहतो. मला थोडं वाईटच वाटलं.

टाइप करायचं तर समजून घेऊन, हा माझा हट्ट. मग संध्याकाळी ती पोळ्या लाटायची, मी शेकायची, आणि ती सांगायची.

"आई, अल्जिब्रा म्हणजे एक मोहल्ला समजा. त्यातल्या लोकांची बेरीज होते, गुणाकार होतो. एक जण असा असतो की त्यानं कोणालाही गुणलं तरी काही फरक पडत नाही. त्याला म्हणायचं एक."

"आपल्या वॉर्डातला नगरसेवक," मी म्हटलं.

"तसंच समजा. आता काही जणांचा इन्व्हर्स असतो. म्हणजे परत यायचा रस्ता. दोघांचा गुणाकार केला, डावीकडून करा की उजवीकडून, पुन्हा तो एक मिळतो. काही जणांना असा रस्ता नसतो. मग एखाद्यातून एकाची थोडी पट वजा करायची. किती पट, तो आकडा लॅम्डा. वजा केल्यावर जे उरतं त्याला परतीचा रस्ता आहे का बघायचं. ज्या ज्या आकड्याला रस्ता बंद होतो, त्या सगळ्या आकड्यांची यादी म्हणजे त्याचा स्पेक्ट्रम."

मी हे लगेच घरावर लावून पाहिलं. आमचे हे हिंगण्याच्या कारखान्यात लेथवर होते, पस्तीस वर्षं कंपनीच्या बसनं गेले. यांच्यातून चहा वजा केला तर चिडचिड होते, पण माणूस परत येतो. पेपर वजा केला तरी येतो. ती बस मात्र वजा झाली, निवृत्तीच्या दिवशी, आणि माणूस अजून पुरता परत आलेला नाही. आजही पावणेसातला गेटपाशी जाऊन उभे राहतात, म्हणतात हवा खाऊन राहिलो. म्हणजे यांच्या स्पेक्ट्रमात हिंगण्याची बस आहे, हे मला कागदाविना समजलं.

"मग एखाद्याची यादी रिकामी असन तर?" यांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं.

"माझ्या प्रबंधातल्या अल्जिब्रात नसते, बाबा. कॉम्प्लेक्स आकडे घेतले, म्हणजे काल्पनिकही धरले, की यादीत निदान एक तरी आकडा असतोच. नुसते साधे आकडे घेऊन शोधलं तर कधी कधी यादी रिकामी दिसते. काटकोनात वळवणारा असतो ना, त्याचं साध्या आकड्यांत काहीच सापडत नाही."

तिच्या गाइडसाहेबांचं असंच होतं. साध्या आकड्यांनी शोधलं तर माणसात दोष नाही. गोड बोलणं, पांढरा शर्ट, दर पानावर सही. दोष होता तो कुठल्या तरी काल्पनिक आकड्यात होता आणि तो मला नंतर दिसला.

मला या स्पेक्ट्रमाचं कौतुक वाटायला लागलं. यादीतला कुठलाही आकडा त्या घटकाच्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या त्या माणसाच्या, मापापेक्षा मोठा नसतो, म्हणजे ऐपतीबाहेरचा दोष कोणालाच मिळत नाही. आणि सगळ्यात आवडलं ते हे की तोच घटक लहान अल्जिब्रात आणून ठेवला तर त्याची यादी वाढू शकते, कमी कधीच होत नाही.

"असं काहून?" मी विचारलं.

"कारण त्याचा इन्व्हर्स मोठ्या अल्जिब्रात असतो, पण या लहान घरात नसतो. मग घरातले लोक म्हणतात, याला रस्ताच नाही."

"म्हणजे सासर."

ती लाटणं थांबवून हसली. "मी असं म्हटलं नाही, आई."

"म्हटलं नाई म्हणून काय झालं, टाइप मीच करून राहिली नं."

आता शून्याकडे येते. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक प्रमेय होतं, आणि पुढे सगळीकडे त्याचाच आधार. दोन घटक, ए आणि बी. त्यांचा गुणाकार एबी वेगळा, बीए वेगळा. फोडणीनंतर भाजी आणि भाजीनंतर फोडणी यांत फरक आहेच. पण दोघांच्या याद्या जवळजवळ सारख्या असतात, असं ते प्रमेय. तिनं ते असं लिहिलं होतं: एबीचा स्पेक्ट्रम, मग एक वाटीसारखं चिन्ह, मग महिरपी कंसात शून्य, बरोबर, बीएचा स्पेक्ट्रम, पुन्हा वाटी, पुन्हा महिरपी कंसात शून्य.

मी ते पाहिलं आणि माझ्यातली दहावी जागी झाली. दोन्हीकडे तेच असेल तर काढून टाकावं, हे मास्तरांनी छडी घेऊन शिकवलेलं. त्यात ते शून्य. शून्य मिळवून कोणाचं काही वाढलंय? पोरगी थकलेली आहे, उगाच दोन्हीकडे शून्य लिहून बसली. मी वाटी काढली, कंस काढला, शून्य काढलं. मग बाकीच्या दहा जागा शोधून तिथलंही काढलं, कारण काम करायचं तर एकसारखं. आणि रिवाजाप्रमाणे कोणाला सांगितलं नाही.

शेवटची प्रत तिनं वाचली नाही. "आईंनी पाहिलंय म्हणजे झालं," असं ती घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि माझी मान ताठ व्हायची. प्रती छापल्या, बांधल्या, गाइडसाहेबांनी पानोपान सह्या केल्या, आणि त्या समितीकडे गेल्या. शनिवारी विभागात सादरीकरण ठरलं. ते पार पडलं की प्रबंध जमा. नाही तर परत घ्या, पुन्हा कधी तरी तारीख मिळेल. आठ वर्षं झालेल्या बाईला "पुन्हा कधी तरी" म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

गुरुवारी दुपारी ती घरी आम्हा दोघांसमोर सराव करत होती. मी भाकरी थापत होते. यांना कळावं म्हणून तिनं खास उदाहरण काढलं.

"बाबा, तुमची हिंगण्याची बस घ्या. पण सीटा अनंत. मागे संपतच नाहीत. आता सगळ्यांना सांगितलं, एकेक सीट मागे सरका. काय होईल?"

"पुढची सीट रिकामी," हे म्हणाले. बस आली की हे तरतरीत होतात.

"बरोबर. आता एकेक सीट पुढे या. सगळे होते तिथे. म्हणजे काही झालंच नाही, तो एक मिळाला. आता उलट्या क्रमानं करा. आधी पुढे सरका."

"अवो, पुढच्या सीटवरचा दरवाज्यातून खाली पडन."

"पडला. आता मागे सरका."

"सारे आपापल्या जाग्यावर. पुढची सीट रिकामी. अन् थो बिचारा हिंगणा नाक्यावर उभा." यांना खरंच त्याचं वाईट वाटलेलं दिसलं. "त्याले आता कोणती बस भेटन?"

"कोणतीच नाही. म्हणून त्या दुसऱ्या गुणाकाराच्या यादीत शून्य आहे, आणि पहिल्याच्या यादीत नाही. शून्य यादीत असणं म्हणजेच परतीचा रस्ता नसणं. बाकी याद्या जुळतात, पण शून्याचा भरवसा नाही. म्हणून तर प्रमेयात दोन्हीकडे शून्य मिळवून ठेवावं लागतं. ते मिळवणं म्हणजे बेरीज नाही, बाबा. यादीत एक नाव लिहिणं आहे."

माझे हात परातीतच थांबले. भाकरी थापली जाईना.

यादीत एक नाव लिहिणं. आणि मी अकरा जागचं नाव खोडून ठेवलेलं.

शुक्रवारी सांगायचं ठरवलं. सकाळी ती कॉलेजला पळाली. दुपारी फळ्यावर काय लिहायचं ते पाठ करत होती, तेव्हा कशी मध्ये बोलू? संध्याकाळी सांबारवड्या करायला बसलो, कारण सादरीकरणाला समितीच्या खाण्याची व्यवस्था उमेदवारानं करायची असते. ज्ञान उपाशीपोटी तपासलं जात नाही. आमची कोथिंबीर निवडणं, सारण, तळण, सगळं झालं. पुणेकरांना सांगते, आमच्याकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. बोलायला तीन तास होते. मी तिखट बरोबर आहे का एवढंच विचारलं.

यांना मात्र सांगितलं.

"तीस वर्षं बाकीच्यायच्या चुका झाकल्या वं तू," हे म्हणाले. "आता सोताची झाकून पाहा."

"टोमणा मारून राहिले काय?"

"नाई. अनुभव विचारून राहिलो."

मी एकाच गोष्टीवर हवाला ठेवला. प्रबंध न वाचताच सह्या होतात म्हणून तीस वर्षं मी बोटं मोडली होती, तेच आता घडावं: कोणीही वाचलेलं नसावं.

शनिवारी मी शेवटच्या रांगेत, मांडीवर सांबारवड्यांचा डबा घेऊन बसले. ती फार छान बोलली. बस आली, माणूस पडला, लोक हसले. फळ्यावर तिनं प्रमेय लिहिलं, दोन्हीकडे शून्यासकट. मग समितीतले एक सर म्हणाले, अत्यंत सखोल. दुसरे म्हणाले, मांडणी सुबक. गाइडसाहेब म्हणाले, ओळन् ओळ मी स्वतः तपासली आहे. माझा जीव हळूहळू भांड्यात पडत होता. मी डब्याचं झाकण सैल केलं.

बाहेरगावाहून एक बाई आल्या होत्या, तज्ज्ञ म्हणून. बारीक चणीच्या, सुती साडी, प्रबंधाच्या प्रतीत बोट घालून बसलेल्या. ते बोट मी आल्यापासून पाहत होते. त्या म्हणाल्या, "पान एक्केचाळीस. फळ्यावर शून्य आहे, इथे नाही. का?"

सुनेनं प्रत उघडली. पान पाहिलं. पुढची दोन-चार पानं उलटली. तिचा चेहरा कसा झाला ते मी लिहीत नाही.

"एका जागी नसतं तर छपाईची चूक म्हटलं असतं," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी मोजलं, अकरा जागी नाही. अकरा जागी म्हणजे ते मत झालं. फळ्यावरचं तुमचं, की प्रबंधातलं तुमचं?"

गाइडसाहेबांनी घसा साफ केला. "मी तिला तेव्हाच म्हटलं होतं, या शून्याकडे लक्ष दे म्हणून."

हा तो काल्पनिक आकडा. दोष दिसला, पण आनंद करायला वेळ नव्हता. मी उभी राहिले. डबा मांडीवर आहे हे विसरले. झाकण घरंगळत फळ्यापर्यंत गेलं, आणि सगळ्यांनी आधी झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ते शून्य मी काढलं, मॅडम."

"तुम्ही कोण?"

"टायपिस्ट." मग वाटलं, पूर्ण सांगावं. "सासूपण."

मागे कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. "का काढलंत?"

"दोन्हीकडे होतं म्हणून."

"हिला विचारलं?"

"नाही. मी कोणालेच विचारत नाही. सवय आहे."

सून मध्ये बोलली. "मॅडम, शेवटची प्रत मी वाचली नाही. सही माझी आहे, चूक माझी."

बाईंनी प्रत मिटली आणि खडूकडे बोट केलं. "मग शून्य का लागतं ते सिद्ध करून दाखवा. आत्ता."

तिनं फळा पुसला. एक वजा एबी याला परतीचा रस्ता आहे असं धरलं, त्या रस्त्याला सी म्हटलं, आणि त्याच सीमधून एक वजा बीएचा रस्ता बांधून दाखवला: एक अधिक बीसीए. गुणून पाहिलं, जुळलं. मग म्हणाली, "हे एकासाठी झालं. दुसऱ्या कुठल्याही आकड्यासाठी आधी लॅम्डानं भागून घ्यायचं. लॅम्डा शून्य असला तर भागता येत नाही. म्हणून शून्याची हमी नाही, आणि म्हणून ते दोन्हीकडे लिहावं लागतं." पाच-सहा ओळी. मी तिला आठ वर्षं पोळ्या लाटताना पाहिलं होतं, फळ्यासमोर त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

बाईंनी शेरा लिहिला: अकरा जागची दुरुस्ती करून आठ दिवसांत प्रती द्याव्यात. पुन्हा सादरीकरण नको. गाइडसाहेब म्हणाले, किरकोळ होतं. सांबारवड्या संपल्या.

घरी आम्ही ऑटोनं आलो. मी वाट पाहत होते की ती रागवेल, म्हणजे मला रडता येईल. ती बाहेर पाहत होती. आमच्या चौकाजवळ आल्यावर म्हणाली, "गुरुवारीच कळलं होतं ना तुम्हाला? भाकरी थांबली होती तुमची."

"हाव."

"मग सांगितलं काहून नाही?"

"मले वाटलं कोणी वाचणार नाही."

"आई, मी आठ वर्षं जे लिहिलं ते कोणी वाचू नये, असं वाटलं तुम्हाला?"

ऑटोवाल्याला मी डावीकडे घे म्हटलं, आणि आमचं घर उजवीकडे होतं.

रविवारी सकाळी मी शून्यं परत बसवायला घेतली. वाटी, कंस, शून्य, दोन्हीकडे. ती शेजारी कॉलेजच्या वह्या तपासत होती, माझ्याकडे न पाहता. दहा झाली. अकरावं शेवटच्या प्रकरणात होतं. तिथे सगळं मॅट्रिक्सबद्दल होतं, म्हणजे मोजक्या सीटांची बस. मी हात थांबवला. मोजक्या सीटांच्या भरलेल्या बसमध्ये मागे सरका म्हटलं तर मागचा कुठे सरकेल? काही गमावल्याशिवाय सरकणंच होत नाही. मग एका क्रमानं जर सगळे जागच्या जागी आले, तर दुसऱ्या क्रमानंही यायलाच हवेत. म्हणजे इथे दोन्ही याद्या शून्यासकट जुळतात. म्हणजे इथलं शून्य मी काढलं होतं ते बरोबर काढलं होतं.

बोट बटणावर होतं. मी उचललं.

"सूनबाई," मी म्हटलं, "इकडं पाहा जरा. इथं शून्य काढलं तर चालन काय? सीटा मोजक्या आहेत."

तिनं पेन खाली ठेवलं, खुर्ची ओढून आली, पान वाचलं. मग माझ्याकडे वळून दोन दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

"चालतं," ती म्हणाली. "इथे नसलं तरी चालतं, आई."

"मग काढू?"

बाहेरच्या खोलीत यांनी पेपर खाली केल्याचा आवाज आला.

"राहू द्या," ती म्हणाली. "असलं तरी चूक नाही."

मी ठेवलं. ग्रंथालयातल्या प्रतीत ते अजून आहे, दोन्हीकडे.